भोंगा वाजला म्हणून जेवायला बसू नये

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एक प्रश्न विचारलात आणि उत्तर ऐकायच्या आत तुमच्यातला एक जण सॉकरच्या प्रॅक्टिसला पळाला. प्रश्न असा होता, की आजीची खोली रंगवून झाली, छतावर अंधारात चमकणाऱ्या चांदण्या चिकटवून झाल्या, मग आजी काकाचं घर सोडून आमच्याकडे ईडन प्रेरीला राहायला का येत नाही? तो तुम्ही इंग्रजीत विचारलात. उत्तर मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमचं वाचनही होईल. अडलं तर बाबाला विचारा. बाबाला अडलं तर मला कळवा, मी त्याची शिकवणी पुन्हा सुरू करीन.

आधी आमच्या गावाबद्दल, कारण तुमची समजूत अशी दिसते की इथे रोज सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ लाव्हा येतो. प्रत्येक फोनवर तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, की आजी, फुटला का? नाही फुटला, म्हटलं की तुमचा आवाज पडतो. आजी सुखरूप असल्याचं एवढं वाईट वाटलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आमच्या गावाला इथे शहर म्हणतात. अमेरिकेत कशालाही शहर म्हणायची पद्धत आहे. एक मोठा रस्ता, त्यावर एक बेकरी, एक वाचनालय, एक पोस्ट, घोड्यांचं आणि कोंबड्यांचं खाद्य विकणारं एक दुकान आणि एकमेकांशी न बोलणारे दोन पिझ्झावाले. गावाच्या दोन अंगांना दोन नद्या. वसंतात बाहेरच्या शेतांत डॅफोडिल पिवळेधमक होतात आणि परसात ऱ्हुबार्बचे लाल दांडे येतात. लोक त्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ भट्टीत भाजतात. मी अंबाडीच्या भाजीसारखं लसूण घालून आंबट वरण करते. तुमच्या काकूने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ती आधी पाणी प्यायली आणि मग तिने आणखी भात मागितला.

आणि मोठ्या रस्त्याच्या टोकाला डोंगर. नकाशात त्याला माउंट रेनियर असं नाव आहे, पण इथे ते कुणी घेत नाही, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं. नुसतं ‘डोंगर’. बारा महिने बर्फ अंगावर. ताटात उपडी घातलेल्या भाताच्या मुदीसारखा दिसतो, म्हणजे दिसतो तेव्हा. या वॉशिंग्टन राज्यात ढगांना दुसरं काम नाही, त्यामुळे तो पंधरा-पंधरा दिवस गैरहजर असतो. बेकरीत, पोस्टात, सगळीकडे पहिलं बोलणं त्याचंच, आज डोंगर आहे, आज नाही. मी एकोणतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि शेवटची काही वर्षं सुपरवायझर होते, त्यामुळे मला हे तोंडी बोलणं पुरेसं वाटेना. मी एक वही केली आणि रोज सकाळी आठ वाजता खिडकीतून बघून त्याची हजेरी मांडायला सुरुवात केली. एकच सांगते, माझ्या शाळेत असता तर परीक्षेला बसू दिलं नसतं.

हा डोंगर ज्वालामुखी आहे. पण त्याच्याकडून आम्हाला भीती आहे ती आगीची नाही, चिखलाची. वरचा बर्फ एकदम वितळला तर पाणी, माती, दगड, झाडं असा सगळा लोंढा नदीच्या खोऱ्यातून खाली येईल आणि गाव त्या खोऱ्यातच आहे. पूर्वी एकदा असा लोंढा आलेला आहे आणि गाव त्या वाळलेल्या चिखलावरच बसवलेलं आहे. घराचा पाया खणताना खाली मोठमोठ्या झाडांचे उभे बुंधे लागतात. हे मला शेजारीणबाईंनी सांगितलं, तेही बेकरीत बनपाव घेता घेता. या बाईंनी सगळा जन्म शाळेची बस चालवली. वयाने माझ्याएवढ्या. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला हनी म्हणतात, आणि दोघींचंही निभतं.

गावात खांबांवर भोंगे बसवलेत. डोंगराने काही केलं तर ते वाजतात. मग गाडी काढायची नाही, कारण एकच पूल आणि सगळं गाव त्यावर अडकेल. चालत निघायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या टेकडीवर जायचं. नगरपालिकेच्या पत्रकाप्रमाणे हातात साधारण चाळीस मिनिटं असतात. भोंगे ठीक आहेत की नाही हे बघायला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता ते थोडा वेळ वाजवतात.

हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगते आहे. पत्रक माझ्याकडे मी इथे राहायला आले त्या पहिल्या आठवड्यातच आलं होतं. मी त्याला भोकं पाडून ‘नगरपालिका’ लिहिलेल्या फायलीत लावलं. वाचलं नाही. फाइल केलं की वाचल्यासारखं वाटतं, हा माझा जुना दोष आहे. तुमच्या बाबातही तो उतरला आहे, त्याचं टेबल बघा.

त्यामुळे पहिल्या सोमवारी बाराला भोंगा झाला तेव्हा मी घाबरले नाही. उलट मला फार बरं वाटलं. मी सोलापूरची. आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि सगळं गाव त्यावर चालायचं. माझी आई भोंग्यावर घड्याळ लावायची आणि भोंग्यावर ताटं वाढायची. इथे भोंगा ऐकल्यावर मला वाटलं, जवळपास लाकडाचा कारखाना असेल, त्याचा असेल. मी स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं घड्याळ दीड मिनिट पुढे केलं आणि पान वाढून घेतलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. हा कारखाना महिन्यातून एकदाच का वाजतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. तुमचा काका आणि काकू दिवसभर सिएटलच्या बाजूला ऑफिसात, त्यांनी ते कधी ऐकलं नाही आणि मी कधी बोलले नाही. भोंग्याबद्दल काय बोलायचं?

मग वसंतात गावाची मोठी रंगीत तालीम झाली. सगळ्या शाळांतली मुलं, शिक्षक आणि ज्यांना जमेल ते लोक भोंगा वाजल्यावर खरोखर चालत टेकडीवर जातात. काकाने मला त्याची लिंक पाठवली होती. मी ती वाचनासाठी बाजूला ठेवली होती.

त्या सकाळी भोंगा झाला तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन नियमाप्रमाणे वर चार्जिंगला होता. मी घड्याळाकडे पाहिलं, भोंगा ऐकला आणि दोघांतला कोण खोटं बोलतो याचा निर्णय केला. सेल उतरला असणार. स्टुलावर चढले, काटे बारावर आणले आणि आज आपल्याला भूक कशी नाही लागली म्हणत पान वाढून घेतलं. पोळी, कोबीची भाजी, शेंगाची चटणी.

खिडकीतून बघते तर रस्त्याने मुलांची रांग चाललेली. लहान लहान मुलं, एका दोरीला धरून, पुढे-मागे बाई. मला वाटलं प्रभातफेरी आहे. किती शिस्तीत नेतात, असं मनात म्हटलंसुद्धा. मी घास घेता घेता हात हलवला. मुलांनीही हलवले. मग मोठी मुलं गेली, मग म्हातारी माणसं, एक कुत्रा, पिझ्झावाल्यांतला एक, बऱ्याच अंतराने दुसरा. शेवटी शेजारीणबाई आल्या. त्या फाटकाशी थांबल्या आणि दोन्ही हातांनी मला बाहेर बोलवू लागल्या. मी पोळी वर धरून त्यांना आत बोलावलं. असं आम्ही थोडा वेळ एकमेकींना बोलावलं. मग त्या मान हलवून पुढे गेल्या. मला वाटलं, जेवून आल्या असतील.

मग रस्ता अगदी सामसूम झाला. मी ताक प्यायले.

बाई टेकडीवरून परतल्या त्या थेट माझ्याकडे. खुर्चीवर बसल्या, घड्याळाकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि सगळा प्रकार माझ्याकडून दोनदा ऐकला. मग त्या इतकं हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. गावाच्या हिशेबाने मी चिखलाखाली गेले होते, भाजी-पोळीसकट.

त्यांनी ते संध्याकाळी अंगणात तुमच्या काकाला सांगितलं. तो हसला नाही. जेवण झाल्यावर त्याने तुमच्या बाबाला फोन लावला. दोघे भाऊ लहानपणी एका चमच्यावरून भांडायचे. त्या दिवशी सात मिनिटांत त्यांचं एकमत झालं. आईने ईडन प्रेरीला जावं. तिथे जमीन सपाट आहे आणि काही फुटत नाही.

“आई, तू घरात एकटी असतेस,” काका म्हणाला. “आम्ही पन्नास मैलांवर. खरंच अलर्ट आला तर मी ड्राइव्ह करून पोचूच शकत नाही. तू प्लीज इमोशनल होऊ नकोस.”

मी इमोशनल झाले नव्हते, मी टेबल पुसत होते. काकूने तेवढ्यात विचारलं, “त्यांना काय वाटतं ते विचारलंत का कुणी?” मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्याकडे मला काय कमी आहे? काहीच नाही. तुम्ही आहात, जवळ इंडियन ग्रोसरी आहे, गणपतीला शंभर माणसं जमतात. पण मला गाडी चालवता येत नाही. तुमच्या घरापासून चालत जाता येईल असं ठिकाण म्हणजे दुसऱ्याचं घर. मागच्या वेळी मी तीन महिने राहिले तेव्हा मला वाचनालयात कुणीतरी नेलं, देवळात कुणीतरी नेलं आणि केस कापायला कुणीतरी नेलं. सगळ्यांनी प्रेमाने नेलं. पण मी सतत कोट घालून दाराशी बसलेली असायची, कुरिअरच्या पार्सलासारखी. इथे मी सकाळी दार लावते आणि निघते. पोस्ट, बेकरी, वाचनालय, नदीकाठची पायवाट. तुमचे आजोबा गेल्यावर मला वाटलं होतं की आपलं आपण बाहेर पडणं संपलं. ते मला या गावाने परत दिलं. ज्या गावात जीव वाचवायलासुद्धा चालतच जायचं असतं, ते गाव माझ्या सोयीचं आहे.

हे सगळं मी तेव्हा बोलले नाही. मी फक्त एक संधी मागितली. पुढच्या पहिल्या सोमवारी बाराचा भोंगा झाला की मी घरातून निघेन आणि चाळीस मिनिटांत टेकडीवर पोचेन. पोचले तर राहीन. नाही पोचले तर तिकीट काढा.

काका म्हणाला, “मी त्या दिवशी घरून काम करीन आणि टायमर लावून तुझ्या मागे चालेन. मदत करणार नाही. चीटिंग नाही.”

मी त्याला आठवण करून दिली, की परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडायचं काम आमच्या घरात कोण करत होतं.

शेजारीणबाईंनी मला शिकवायचं पत्करलं. पहिली तालीम आम्ही दोघींनीच केली. मला एक तास तीन मिनिटं लागली. बाईंनी वेळ टिपून ठेवली होती. त्यातली सव्वीस मिनिटं मी घरातच होते. गॅस बघितला. मागचं दार बघितलं. घरातली साडी नेसून टेकडीवर कसं जायचं म्हणून साडी बदलली. देवापुढचं निरांजन शांत होईपर्यंत थांबले. तुळशीला पाणी घातलं. चहाचा कप विसळून पालथा घातला. पुढचं दार लावलं, ओढून पाहिलं, फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. बाई अंगणात कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, की हनी, चिखल आला तर तो कुलूप बघून परत जाणार आहे का?

मग त्यांनी माझी पिशवी उपसली. पत्रकात लिहिलं होतं, गरजेच्या वस्तू घ्या. मी घेतल्या होत्या. मेतकूट, गोडा मसाला, सगळ्यांच्या जन्मदाखल्यांच्या तीन तीन प्रती, लग्नाचा आल्बम, कुकरची जादा शिट्टी, पोळपाट आणि लाटणं. बाईंनी पोळपाट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. हे कशासाठी, म्हणाल्या. मी सांगितलं, वर गेल्यावर सगळ्यांना भूक लागेल. त्यांनी तो खाली ठेवला. शेवटी पिशवीत उरलं ते औषधं, पाणी, बॅटरी, एक शाल, दाखल्यांची एकच प्रत आणि शेंगाच्या चटणीची बाटली. चटणीही बाहेर निघणार होती, पण त्यांनी आधी चाखून पाहिली.

बसमध्ये त्यांचा एकच नियम होता. एकदा बस सुटली की मागे फिरायचं नाही. डबा राहिला, स्वेटर राहिला, राहू दे. तोच नियम त्यांनी मला लावला. रोज सकाळी हजेरी मांडून झाली की आम्ही निघायचो. त्रेपन्न मिनिटं झाली, मग अठ्ठेचाळीस, मग सेहेचाळीसवर गाडी अडली. रस्त्यात कुणी कुठे निघालात विचारलं तर मी थांबून सविस्तर सांगत होते. आपल्याकडे तसंच सांगतात. बाई म्हणाल्या, चालता चालता हात कर, बाकी सगळं वर गेल्यावर सांग. मला ते उद्धटपणाचं वाटलं. पण तीन मिनिटं वाचली.

त्याच दिवसांत तुम्ही फोन करून विचारलंत, आजी, तुझ्या पांघरुणाचा रंग कुठला आणू? मी म्हटलं, कुठलाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हजेरीची वही उघडून बसले. दोन्हीकडे नापास व्हायची सोय होती, पोचले तर तुमच्याकडे, न पोचले तर इथे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

सोमवार आला. पावणेबाराला चहा घ्यायचा माझा नेम आहे, तो मी मोडला नाही. बाराला भोंगा झाला तेव्हा कपात दोन घोट उरले होते. मी कप तसाच ठेवला. हे वाक्य तुमच्या बाबाला मोठ्याने वाचून दाखवा, त्याचा विश्वास बसणार नाही. दोन मिनिटांत मी फाटकाबाहेर होते. दार एकदाच ओढलं. पायात तुम्ही वाढदिवसाला पाठवलेले बूट, पाठीवर पिशवी, मागे दहा पावलांवर काका, हातात फोन, त्यात टायमर.

बेकरीतल्या मुलीने दारातून विचारलं, कुठे? मी हात केला. पोस्टमनला हात केला. मोठ्या रस्त्याच्या टोकाशी वळले तर डोंगर समोर उभा. बारा दिवसांच्या गैरहजेरीनंतर, मुळापासून शेंड्यापर्यंत, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने. वर्गात उशिरा येऊन पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली असायच्या तसा. मी थांबले नाही. चालता चालता मनातल्या मनात हजर लावली.

पुलावर आले तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. पुढे टेकडीचा चढ. माझी चाल चढावर मंद होते, पण एकसारखी असते. मागच्या बुटांचा आवाज मात्र दूर जायला लागला. पहिल्या वळणावर काकाने आई अशी हाक मारली. मी वळून पाहिलं. तो कठड्याला टेकून कुशीत हात धरून वाकला होता. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो, संध्याकाळी ट्रेडमिल विकत घेण्याबद्दल वाचतो.

“काय झालं?”

“काही नाही, पोटात पिळतंय. जस्ट अ मिनिट.” मग लाल चेहऱ्याने म्हणाला, “तू हो पुढे. टायमर चालू आहे.”

मागे फिरायचं नाही हा नियम करणारी बाई वर टेकडीवर बसली होती आणि तो लहान असताना त्याच्या कुशीत कळ आली की पाठ चोळायची ती मीच होते. मी चार पावलं खाली आले. त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, चेहरा पाहिला, मरत नाही अशी खात्री केली आणि वळले.

“आई, हे चीटिंग आहे,” तो मागून म्हणाला. “तू मदत केलीस.”

मी चालता चालता हात केला.

टेकडीवर बाई घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मनगट पुढे केलं. एकोणचाळीस मिनिटं. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहिलो. खाली गाव, दोन नद्या, पिवळ्या शेतांचे चौकोन आणि वळणावर एक ठिपका, अधूनमधून थांबणारा. तो ठिपका वर पोचायला आणखी आठ मिनिटं लागली.

त्याने फोन बघितला आणि खिशात टाकायला लागला. मी तो मागून घेतला. टायमर अजून चालू होता. त्यावर सत्तेचाळीस मिनिटं दिसत होती.

“नियमाप्रमाणे तिकीट तुझं काढायला हवं,” मी म्हटलं. “ईडन प्रेरी सपाट आहे. तिथे तुला बरं पडेल.”

बाईंनी मी काय बोलले ते विचारलं, मी सांगितलं आणि त्यांच्या हसण्याला पुन्हा एकदा पाणी लागलं, फक्त बाटली या वेळी रिकामी होती. काकाही हसला, मग कठड्यावर बसून बराच वेळ गावाकडे बघत राहिला. त्याने हे गाव इतक्या उंचावरून कधी पाहिलंच नव्हतं. उतरताना तो एकदाच बोलला.

“रोज सकाळी किती वाजता निघता तुम्ही दोघी?”

घरी आलो तर ओट्यावर कप तसाच होता, आतल्या चहावर साय धरलेली. मी पिशवी उतरवेपर्यंत त्याने तो विसळून पालथा घातला.

तर बाळांनो, मी इथेच राहणार आहे. जूनमध्ये सुट्टी लागली की तुम्ही रंगवलेल्या खोलीत सहा आठवडे येईन, चांदण्या मोजीन आणि जिथे न्याल तिथे कोट घालून बसेन. पांघरूण हिरवं आणा, मला कुठलाही रंग चालतो हे खोटं होतं. येताना चटणी आणीन. आणि बाबाला सांगा, भावाची हकिकत ऐकून तो फोनवर जरा जास्तच हसला. ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं इकडे याल तेव्हा पहिला सोमवार धरूनच या. बाई खुर्ची घेऊन वर बसायला तयार आहेत. त्याने चांगले बूट आणावेत आणि पाण्याची बाटली स्वतःची स्वतः आणावी, मी चार पावलं खाली येणार नाही.